उचललेलं पान

“ऊठ गे. पान घे आणि कोल्लैत जा.”

सामराव रायर तुपाचं भांडं घेऊन माझ्यासमोर उभे होते. तूप वाढायला वाकले, माझं तोंड पाहिलं आणि ताठ झाले. माझ्या पानावर भात पडला होता. भातावर गरम सार. पहिला घास मी कालवला होता, तोंडात घातला नव्हता.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. रुक्मिणीकल्याणाचा दिवस. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत दर वर्षी रायरांच्या घरी विठोबा-रुक्मिणीचं लग्न लागे. सकाळभर भजन, मग पंगत. त्या सकाळी पोरांच्या घोळक्यात उभी राहून मीही गायले. आवाज मोठा होता माझा. गोविंदपुरमहून आलेले भागवतर, म्हणजे भजन चालवणारे बुवा, खूष झाले. त्यांनीच हाताला धरून मला आतल्या पंगतीत बसवलं. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी बसले. भूक लागली होती, आणि देवाचं लग्न होतं.

“भागवतर, ही शिंप्याची,” सामराव म्हणाले. “त्या वेळ्ळैक्कारीची नात.”

वेळ्ळैक्कारी म्हणजे गोरी बाई. माझी आजी.

भागवतरांनी मान खाली घातली. “मज ठाऊक नव्हतं,” एवढंच म्हणाले.

पंगतीतून कोणीतरी ओरडलं, “त्यांची काय चूक? रंग पाहून फसले. आमच्या पोरींहून उजळ आहे ती!”

सगळी पंगत हसली. हसताना कुणाचा घास थांबला नाही.

मी पान उचललं. केळीचं पान जमिनीवर असतं तोवर ताट असतं. हातात घेतलं की नुसतं पान. सार ओघळलं, मनगटावरून कोपरापर्यंत आलं. भाजलं. आमच्याकडची घरं अरुंद आणि लांबलचक. रस्त्याकडे तिण्णै, म्हणजे उंच ओटा. मग माजघर, मधला चौक, स्वयंपाकघर. आणि अगदी मागे कोल्लै: विहीर, गोठा, न्हाणी, आणि मागच्या बोळात उघडणारं दार. चौकापासून त्या कोल्लैपर्यंत मी ते पान सांभाळत चालले. वाढणाऱ्या बायका पदर सावरून भिंतीला टेकल्या. सार त्यांच्यावर पडू नये म्हणून नव्हे. माझा स्पर्श होऊ नये म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात पाहुण्यानं आपलं पान उचलायचं नसतं. घरचं माणूस उचलतं. ज्याला पाहुणा मानायचं नाही, त्याला ते स्वतः उचलायला लावतात. शिवी द्यावी लागत नाही. ‘पान घे’ एवढं पुरतं.

कोल्लैत आजी गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून जेवत होती. तिचं पान दर वर्षी तिथेच पडे. ब्राह्मण आत, चौकात. आमची शिंपी मंडळी बाहेर, तिण्णैवर. आम्ही शिंप्यांतही नाही, आम्ही मागे. आणि आमच्याही मागे, बोळातल्या दाराबाहेर, मैला उचलणारी बाई उष्ट्या पानांची वाट पाहत उभी. प्रत्येकाला आपल्यामागे कोणीतरी होतं. त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती.

आजीनं विहिरीचं पाणी घेऊन माझा हात धुतला.

“जेव,” म्हणाली.

“तू सामरावांना दूध पाजलंस ना? अप्पा सांगतात.”

“पाजलं.”

“मग?”

“म्हणून तर कोल्लैत बसवतात,” आजी म्हणाली. “नाहीतर एवढंही नाही.”

हे ती कडवटपणे म्हणाली नाही. पाऊस पडतोय म्हणून सांगावं, तसं म्हणाली. त्या क्षणी मला सामरावांपेक्षा तिचा राग जास्त आला.

आजीचं नाव नेझा. गल्लीतल्या तमिळ बायकांना ‘झ’ जमेना, त्या नेसम्मा म्हणत. साहेब लोक तिला ऑस्ट्रियन समजत, गल्ली तिला इंग्रज समजे. ती दोन्ही नव्हती. “मी स्लोवेन,” ती सांगे. कोणाला कळत नसे. ते लोक कुठे राहतात, काय खातात, त्यांचा राजा कोण, हे विचारण्याइतकी सवड कोणाला नव्हती. मी विचारलं. तिचं गाव डोंगरात, दगडाळ जमिनीचं. राजा दूरचा, ऑस्ट्रियाचा. शेतात पोटापुरतं पिकत नसे. म्हणून त्या गावच्या बायका बाळंत झाल्या की बोटीत बसत आणि इजिप्तला जात. तिथल्या बंदरातल्या श्रीमंतांच्या मुलांना पाजायला. गाव त्यांच्या दुधावर चाले. घरांची कौलं त्यातून, बैल त्यातून.

आजी बोटीत बसली तेव्हा तिचा मुलगा काही महिन्यांचा होता. यानेझ. त्याला सासूच्या हाती दिलं, शेळीच्या दुधावर. त्याला तिनं पुन्हा पाहिलं नाही.

इजिप्तमध्ये तिला कामाला ठेवणारं घर इंग्रज होतं. साहेबाची नेमणूक इकडे झाली, तेव्हा त्याच्या मुलाबरोबर तिलाही बोटीत घातलं. मद्रास, मग कुंभकोणम. कावेरीकाठचा बंगला. तिथे ती गोरी होती, पण मेजावर तिला जागा नव्हती. चर्चमध्ये बाकावर नव्हती. आयांबरोबर दाराशी उभी राही, तर आया तिच्याशी बोलत नसत, कारण ती गोरी. मुलाचं दूध तुटलं. साहेबाची बदली झाली. घरी पोचवू असं कबूल केलेली माणसं सामान बांधून निघून गेली. आजी बंगल्याच्या पायरीवर उरली.

त्या बंगल्याच्या व्हरांड्यात माझा आजा शिवत बसे. साहेबाच्या विजारी, मडमेचे झगे. जातीचा शिंपी, घराणं मराठी राजांच्या काळात इकडे आलेलं, घरात विठोबा. त्यानं शिवणयंत्राचं पायटं थांबवलं आणि तिला घरी आणलं. गोविंदपुरमला तिथल्या भजनी स्वामींच्या समाधीबाहेर, झाडाखाली, दोघांनी एकमेकांना माळ घातली. भटजी नव्हता. कागद नव्हता. त्यानंतर तिच्या गळ्यात तुळशीचे मणी आणि चोळीच्या आत क्रूस, दोन्ही राहिलं. शिंप्यांनी आज्याला वाळीत टाकलं. त्यानं सुई सोडली नाही, आजीला सोडलं नाही.

माझे वडील, अप्पा, जन्मले त्याच सुमाराला रायरांच्या घरी सामराव जन्मले. त्यांची आई बाळंतपणाच्या तापात गेली. गाईचं दूध पोराला पचेना. ब्राह्मणांत अंगावर दूध असलेली बाई मिळेना. शिंपिणींना विचारलं असतं, तर त्यांना जाब विचारणारी त्यांची जात होती. आजीला कोण विचारणार? तिला जातच उरली नव्हती. सामरावांच्या वडिलांनी तोड काढली. म्हणाले, औषधाला विटाळ नसतो, औषध म्हणजे गंगेचं पाणी. झालं. माझ्या आजीचं दूध औषध ठरलं.

औषधाला नियम होते. कोल्लैच्या दारानं यायचं. विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं. ओल्या लुगड्यानं बसायचं. त्यांच्याच घरचं अन्न खायचं, म्हणजे दूध सात्त्विक होईल. आणि सगळ्यांत मोठा नियम: आधी सामराव, मग तिचं स्वतःचं पोर. जे उरेल ते अप्पांना. अप्पा जन्मभर काटकुळे राहिले. सामराव उंच झाले, रुंद झाले. गल्लीतून दोघं समोरासमोर येत तेव्हा मी पाहत असे. अप्पा बाजूला होत.

मी कामाची बाई आहे. सगळ्याची यादी करते. पण मनातल्या मनात केलेली माझी पहिली यादी ही: साहेबाच्या पोराला पूर्ण. सामरावांना पूर्ण. अप्पांना उरलेलं. यानेझला काही नाही.

पाजताना आजी आपल्या भाषेत ‘पीय, पीय’ म्हणे. तिकडेही त्याचा अर्थ पी, असाच. ती म्हणायची, इथे आल्यावर तेवढा एक शब्द मला आयता मिळाला.

पंगतीतून मी उठले त्याच वर्षी पोलीस शिपाई गल्लीत आला. मोठी लढाई चालू होती, ऑस्ट्रिया शत्रूकडे होती, आणि माझी आजी ऑस्ट्रियाची प्रजा निघाली. आजा तोवर गेला होता, आणि लग्न कागदावर नव्हतं, तेव्हा नवऱ्यामुळे इंग्रजांची प्रजा म्हणून तिला सोडवता येईना. शिपाई बरा माणूस होता. त्यानं अप्पांना सांगितलं, कोणी प्रतिष्ठित मनुष्य ‘ही बाई माझ्या माहितीची’ म्हणाला, तर ठाण्यावर हजेरी लागणार नाही. अप्पा, आजी, मी आणि तो शिपाई, चौघं रायरांच्या तिण्णैखाली जाऊन उभे राहिलो. सामराव पेपर वाचत होते. शिपायानं विचारलं.

सामरावांनी पेपर उलटला. “शिंप्यांकडे चौकशी करा,” म्हणाले. “आमचा त्या बाईशी संबंध नाही.”

आजी समोर उभी होती. दोन हातांच्या अंतरावर.

लढाई संपेपर्यंत ती दर आठवड्याला ठाण्यावर जाऊन बसली. पाण्याच्या मडक्याशेजारी, जमिनीवर. सोबत मी. एकदा वाटेत ती एकटीच हसायला लागली. “शत्रू म्हणे मी,” म्हणाली. “त्यांच्या पोराला पाजलं ते काय शत्रूचं दूध होतं? मग मेला कसा नाही तो?”

ती गेली तेव्हा ख्रिस्ती दफनभूमीनं नाही म्हटलं. शिंप्यांनी खांदा दिला नाही. अप्पांनी आणि गाडीवानानं तिला नदीकाठी नेलं. रायरांच्या घरून कोणी आलं नाही. औषध संपलं की बाटली फेकतात. बाटलीच्या मागून कोणी जात नाही.

माझं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मी परत भावाकडे आले. घरात बसून राहणं मला जमत नाही. इस्पितळात राहून सुईणीचं काम शिकले. कातरी, दोरा, कापूस, उकळून घेतलेली फडकी, साबण, माझी पिशवी नेहमी भरलेली. निरोप आला की मी निघते. गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हातावर आली. आणि प्रत्येक घरात मी शिरले ती कोल्लैच्या दारानं. सुईण मागूनच येते, अशी रीत. पुढच्या दारावर तोरण लागतं तेव्हा मी बोळातून घरी चाललेली असते, पिशवी घेऊन, गटार ओलांडत.

सामराव तोवर पुढारी झाले होते. अंगावर खादी. संध्याकाळी तिण्णैवर माणसं जमत आणि ते बोलत. साहेबाचं राज्य गेलं पाहिजे, भेदाभेद गेले पाहिजेत. “आपण सगळी एका आईची लेकरं!” ते म्हणत. लोक टाळ्या वाजवत. एकदा मी त्याच वेळी रस्त्यानं चालले होते. थांबले. कोणत्या आईची, ते सांगतात का म्हणून वाट पाहिली. नाही सांगितलं.

मग त्यांच्या सुनेचं बाळंतपण आलं. कावेरी तिचं नाव, अंगानं नाजूक. मी कोल्लैनं गेले, मूल सोडवलं, मुलगा. चौथ्या दिवशी कावेरीला ताप भरला, दूध आटलं. गाईचं दूध पाणी घालून दिलं, ओकला. शेळीचं दिलं, ओकला. गाल आत गेले, रडणं बारीक झालं. मी सामरावांच्या बायकोला, अंबुजम्मांना, स्पष्ट सांगितलं, “बाईचं दूध पाहिजे. उद्यावर टाकू नका.” त्या उठून नवऱ्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी गल्ली जेवून आडवी झालेली असताना, आमच्या कोल्लैच्या दाराची कडी वाजली. मी उघडलं. बोळात, गटाराच्या कडेला, सामराव रायर उभे होते. धोतर वर धरलेलं.

“बाई,” म्हणाले. तोवर मी ‘गे’ होते. “तुझ्या भावजयीला दूध आहे म्हणे.”

“आहे.”

माझी भावजय लक्ष्मी. तिचं तान्हं पाच महिन्यांचं.

“ती येईल काय? कोल्लैनं येऊ दे. स्नान आमच्या विहिरीवर करील. जेवण आमच्याकडलं. औषध म्हणून…”

तोच शब्द. वडिलांचा शब्द मुलाच्या तोंडी. त्या शब्दावर स्वतः जगलेला माणूस तो शब्द पुन्हा आमच्या दारात घेऊन आला होता. माझ्या कोपरापर्यंत काहीतरी गरम ओघळल्यासारखं झालं.

“रायर, औषध पाहिजे तर वैद्याकडे जा,” मी म्हटलं. “आमच्याकडे दूध आहे. दूध बाईचं असतं. त्या बाईला पुढचं दार आहे. पुढून या, बसा, आणि मागा.”

“गल्ली पाहील.”

“पाहू दे. सगळी एका आईची लेकरं, हे तुम्ही म्हणता तेही गल्ली ऐकते.”

त्यांचा चेहरा लाल झाला. “पोर मरायला टेकलं आहे, आणि तू दार धरून बसलीस?”

“दार मी नाही धरलं. पोराला आत्ता घेऊन या. रस्त्यानं या, आमच्या पुढच्या पायऱ्या चढा. लक्ष्मी या क्षणी पाजते. दार तुम्ही धरलं आहे.”

ते वळले आणि आले तसे बोळातून गेले.

मी आत आले. लक्ष्मी माजघराच्या उंबऱ्यावर पोर कडेवर घेऊन उभी. सगळं ऐकलेलं.

“अक्का, झालं भाषण?” ती म्हणाली. “ते आणायचे नाहीत पोराला. असल्या माणसाला नातू गेलेला चालेल, गल्लीनं पाहिलेलं चालायचं नाही.”

“मग काय, मागनं जायचं?”

“मागनं कोण म्हणतं? तुमचंच म्हणणं ना, पुढचं दार? मग ते येत नाहीत तर आम्ही जाऊ. पुढनंच जाऊ. उठा.” पदर खोचता खोचता ती थांबली. “पण एक. आधी माझं पोर पिईल. पोट भरून. मग त्यांचं. हे मी कोणाकडून बदलून घेणार नाही.”

अप्पा तिच्या लग्नाआधीच गेले होते. तिनं त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं, नुसतं ऐकलेलं. मी इतकी वर्षं दाराचा विचार करत होते. पाळी कोणाची, हा विचार तिनं केला.

कॉफीची वेळ झाली होती. लोक तिण्णैवर येऊन बसायला लागले होते. आम्ही दोघी रस्त्याच्या मधून चाललो. रायरांच्या पायऱ्या लक्ष्मी न थांबता चढली आणि सामराव ज्या खांबाला टेकून भाषण करत, त्याच खांबाला टेकून बसली. पदराखाली तिनं आपल्या पोराला घेतलं. मी शेजारी उभी राहिले.

माणसं जमली. आमच्यातला एक म्हातारा शिंपी खालून म्हणाला, “काय गे लक्ष्मी, रायरांचं घर विकत घेतलंस की काय?”

“नाही मामा. इथली सावली बरी आहे.”

दार उघडलं. सामराव चौकटीत. “उतर खाली. मागनं ये म्हटलं ना!”

“पोराला आणा,” मी म्हटलं.

“इथे? चारचौघांत? या घराला काही रीत आहे, वडिलांपासून…”

“वडिलांपासूनची रीत मला ठाऊक आहे.” आता मी आवाज खाली ठेवला नाही. लहानपणी पंगतीला आवडलेला तोच आवाज होता. “रायर, तुम्ही काय पिऊन वाढलात ते गल्लीला सांगू? की गल्लीला ठाऊक आहे, तुम्हांसच तेवढं ठाऊक नाही?”

सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, त्यांच्या बायकांना ठाऊक होतं. कुणी कधी उच्चारलं नव्हतं, एवढंच. सामराव माझ्याकडे पाहत होते. एका हातानं त्यांनी चौकट धरली. मला त्यांची दया आली नाही. ते इथे लिहून ठेवते.

त्यांच्या मागून अंबुजम्मा आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेलं पोर. पुरुष बसलेले असताना ही बाई तिण्णैवर कधी आली नव्हती.

“जरा बाजूला व्हा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

ते झाले.

लक्ष्मीनं आपलं पोर माझ्याकडे दिलं. तृप्त, ढेकर देणारं, जड पोर. मग तिनं अंबुजम्मांच्या हातून ते दुसरं घेतलं. ते इतकं हलकं होतं की तिनं माझ्याकडे घाबरून पाहिलं. अंबुजम्मांनी आपल्या नऊवारीचा पदर दोन्ही हातांनी आडवा धरला आणि रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पडद्यासारख्या. हात खाली आले नाहीत.

“पी रे राजा, पी,” लक्ष्मी म्हणाली.

आधी काहीच नाही. मग बारीक चुटचुट. मग गिळल्याचा आवाज. मी आजन्म हे आवाज ऐकत आले आहे, माझं कामच ते. पण त्या दिवशी मी एकेक घोट मोजला.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. ती गोड नाही.

पोर जगलं. कावेरीही उठली. लक्ष्मी कितीतरी महिने रोज तिण्णैवर बसून पाजत आली, आधी आपलं, मग त्यांचं. ती उठली की रोज त्यांची मोलकरीण बादली घेऊन येई आणि शेणाचं पाणी घालून ती जागा धुऊन काढी. आम्ही पायऱ्या उतरत असताना. आम्हाला दिसेल असं. मी दात-ओठ खाल्ले. लक्ष्मी म्हणे, “धुऊ द्या अक्का, त्यांचीच तिण्णै स्वच्छ होते.” तिला हसता येतं. मला येत नाही.

मी गल्लीत सांगून टाकलं, यापुढे बाळंतपणाला मी पुढच्या दारानं येईन. काही घरांनी ऐकलं. बऱ्याच घरांनी नाचियार्कोविलहून दुसरी सुईण आणायला सुरुवात केली. ती मागून येते, डोळे खाली घालून येते. एका घरात तिच्या हातून मूल आडवं राहिलं, तेव्हा मला बोलवायला आले, बोळातून. मी रस्त्यानं गेले. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं. दुसऱ्या बाळंतपणाला पुन्हा तिलाच बोलावलं. अशी माणसं. अडलं की दार उघडतं, सुटलं की लागतं. या लोकांना साहेबाच्या हातून राज्य हवं आहे. घेतील बहुतेक. घेतल्यावर कोणत्या दारानं कोणाला आत घेणार, हे मी एकाला विचारलं. तो म्हणाला, “आधी राज्य तर येऊ दे.”

आमच्या घरात मी वाट पाहिली नाही. आमचा मैला उचलणारी बाई आता काम झालं की हातपाय धुऊन पुढे येते, आमच्या तिण्णैवर बसते आणि आमच्याच लोट्यातून कॉफी पिते. माझ्या भावानं कुरकुर केली. मी त्याला एवढंच विचारलं, आजी कुठून जायची? त्याची कुरकुर तिथेच थांबली. शिंपी मंडळीची मात्र थांबली नाही. “तुम्ही जरा अतीच करता, अक्का,” त्यांचं म्हणणं.

आता पुन्हा रुक्मिणीकल्याण आलं आहे. परवा सामरावांकडून निरोप आला. या वर्षी आम्ही पुढून यावं. आमची पानं तिण्णैवर मांडतील, शिंप्यांच्या पंगतीत. कोल्लैत नाही.

शिंपी आळीला आनंद झाला. तो म्हातारा मामा काठी टेकत मुद्दाम घरी आला. “जिंकलीस गे. मागनं पुढे आलीस. आता आमच्यात बस, आणि पुरे कर.”

“मामा, तुम्ही इतकी वर्षं तिण्णैवर बसता,” मी म्हटलं. “आत का नाही?”

“आत कशाला? आत ते बसतात.”

“तेच विचारते आहे.”

तो काठी उचलून कॉफी न पिता उठून गेला. येईल की नाही, माहीत नाही. मी त्याच्यावर अवलंबून नाही.

मी जाणार आहे. लक्ष्मी येणार आहे, तिचं पोर येणार आहे. पुढच्या पायऱ्या चढायच्या, तिण्णैवर थांबायचं नाही, माजघरातून सरळ चौकात जायचं. मी उठले होते ती जागा मला ठाऊक आहे. खांबाच्या डावीकडे. तिथे बसायचं. पान मांडलेलं नसेल, म्हणून पान मी घरून नेणार आहे, आमच्या परसातलं, धुऊन पुसून. वाढतील तर वाढतील. नाही वाढलं, तर शेजारच्याचं जेवण होईपर्यंत रिकाम्या पानासमोर बसायचं. कोणी ऊठ म्हणालं तर उठायचं नाही. कोणी हसलं तर हसू द्यायचं.

पंगत संपली की पान दुमडायचं आणि तिथेच ठेवायचं. मग सगळ्या पाहुण्यांसारखं हात धुवायला जायचं.

ते पान मी उचलणार नाही. लक्ष्मी तिचं उचलणार नाही. ते उचलायला त्या घरातल्या कोणालातरी वाकावं लागेल. कोण वाकतं, ते मी चौकात उभी राहून पाहणार आहे. कोणी वाकेपर्यंत मी तिथून हलणार नाही.